अर्धा उत्तमसिंग

विषय : सरकारने विलायतेला नेलेला मुलगा पूर्ण नेण्याबाबत, अथवा पूर्ण परत करण्याबाबत.
अर्जदार : धनीबाई, राहणार तांडा, घाटंजीजवळ.

हसू नका रे पोरांनो. हसण्याचं काम आमच्या साहेबांनी तेव्हाच उरकलंय. तो अर्ज लिहून देणारे मारोतराव कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. देवभोळा माणूस नव्हे; सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा आधी वास घेऊन खायचे.

त्यांचं घर तांड्याला लागूनच. तांड्यातल्या धनीबाईचा एकुलता एक उत्तमसिंग सरकारी शिष्यवृत्तीवर सूतकताईची विद्या शिकायला लीड्सला गेला. आपला कापूस त्या वाटेनं आधीच गेलेला. आता पोरगाही गेला.

धनीबाईच्या आज्याच्या काळी ही बंजारा माणसं बैलांवर मीठ लादून मुलुख फिरत. मुक्कामावर कुणी मागं राहिला, तर दिवेलागणीला त्याच्या घरच्या बाईनं उंबऱ्यावर पाण्याचा लोटा ठेवून वाटेकडे तोंड करून हाक मारायची. तो येईतो रोज मारायची. धनीबाईच्या लेखी लीड्स काय नि मागचा मुक्काम काय, पोरगा मागं राहिलेला. ती रोज हाक मारी. "उत्तम्याऽऽ!"

पत्रं मारोतरावांच्या नावे कचेरीत येत, म्हणून ती आम्ही सगळेच वाचत असू. फेब्रुवारीतल्या पत्रात होतं : 'खोली थंड आहे. घरमालकीण बरी आहे, पण उकडलेल्या बटाट्यापलीकडे तिची श्रद्धा नाही. दुपारच्या वर्गात मात्र रोज कुणी तरी मला नावानं हाक मारतं. मी उठून "हां याडी" म्हणतो, जणू आईच बोलावतेय. पुढे संध्याकाळपर्यंतचं काही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, नव्या गावाची सवय होईल. प्रोफेसर म्हणतात, न झाल्यास परत पाठवू.'

आपल्याकडे दिवे लागतात तेव्हा तिकडे भरदुपार असते, हे भूगोलाच्या पुस्तकात आहे. पुढचं नाही.

ते पत्र घेऊन मारोतराव सायकलवर तांड्याकडे निघाले. गुरुवार, २८ फेब्रुवारी १९६३. दिवस मावळला होता. उकाडा सुरू झालेला. नाल्याजवळ पुढे एकजण चालताना दिसला. अंगात लांब लोकरी कोट.

"मारोतकाका, याडी हाक मारून राह्यली. पन वाटच सरत नाही."

"अबे, उत्तम्या? कवा आला तू? अन् एवढ्या गरमीत कोट कायले घातला बे?"

"थंडी हाये ना, काका."

बोलताना त्याच्या तोंडातून धूर निघाला. मारोतरावांना वाटलं, विडी. त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

मग त्यांनी सायकल अशी हाणली की चेन तांड्यात पोचल्यावरच पडली.

धनीबाईनं पत्र ऐकलं. मारोतरावांनी वाटेवरचंही सांगितलं. ती म्हणाली, "म्हनजे माही हाक पोचते."

"पोचते, तेच वाईट हाये, बाई. अर्धा तिकडं वर्गात बसला, अर्धा इकडं नाल्यावर. हाक बंद करा. नाही तं ना तो तिकडं शिकन, ना इकडं पोचन."

"अन् नाल्यावरचा? त्याले घरात कोन घेईन, मारोतभाऊ?"

मारोतराव सायकलची पडलेली चेन चढवत बसले.

दुसऱ्या दिवशी तिनं लोटा ठेवला, पण हाक मारली नाही. मारोतराव सोबतीला बसले होते. दिवे लागले. तांड्यातली कुत्री गप्प झाली. धनीबाईनं पदर तोंडात कोंबला.



मग वाटेवरून...

"याडी..."

ती उठली. मारोतरावांनी तिचा हात धरला.

"याडी... हाक मार ना."

तिनं पदर दातांत घट्ट धरला. 

"वाट नाही दिसत, याडी..."

बुटांचा आवाज. जवळ. अजून जवळ. उंबऱ्यापाशी थांबला.

थांबला...

आणि मग काहीच नाही.

दिवा मोठा केला, तेव्हा लोट्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता.

"काका, अन् तो तिकडचा?" ...हे विचारताना, श्रावण, तू आता हसत नाहीस, बरं आहे.

तिकडचा सुखात होता. पुढचं पत्र आलं : 'आता कुणी हाक मारत नाही. झोप लागते. परीक्षेत पहिला आलो. बटाटेही आवडू लागले आहेत.' मायना होता, 'तीर्थरूप मातोश्रीस'. धनीबाईनं सगळं ऐकून घेतलं नि म्हणाली, "याडी म्हनणारा इकडंच राह्यला. लिव्हा अर्ज."

सरकारनं पोरगा नेला, तो अर्धाच नेला. उरलेला उंबऱ्याबाहेर उभा आहे, आत येत नाही. सबब सरकारनं त्याला तरी न्यावं, किंवा नेलेला तरी आणून द्यावा. मारोतरावांनी शब्द बदलला नाही. सोबत पुरावा म्हणून तोच पितळी लोटा, फडक्यानं तोंड बांधून.

महसूलनं अर्ज शिक्षणाकडे पाठवला. शिक्षणानं पोलिसांकडे. पोलिसांनी शेरा मारला, 'इसम हरवलेला नसून सापडलेला दिसतो,' आणि परत महसूलकडे. उत्तमसिंगला तिकडेच नोकरी लागली. तो आला नाही. धनीबाई दर बाजारच्या दिवशी कचेरीत येऊन विचारते, "काय झालं जी?"

मी गेल्या साली निवृत्त झालो. चार्ज देताना रेकॉर्डरूममध्ये तो लोटा मोजून दिला. मे महिना होता, छपराचे पत्रे तापलेले. फडकं कुणी सोडलेलं नव्हतं. लोट्याला बाहेरून दव सुटलं होतं, आणि खालची फाईल भिजली होती.

अर्ज प्रलंबित आहे.