गडद होत जाणारे टोपण

कपितोनच्या पहिल्या नातवाचा बाप्तिस्मा झाला ते १९९७ साल. त्याच आठवड्यात, नेव्हा नदीवरचा बर्फ अजून फुटायचा होता तेव्हा, ताइसिया नावाची बाई अवगुस्ताच्या दारात येऊन उभी राहिली.

अवगुस्ता देमिदोव्हना पीटर्सबर्गमध्ये खाजगी तपासाची कामे घेत असे. कपितोन तिचा दीर. तो तिची गाडी चालवी आणि बहुतेक गोष्टी त्याला दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळत.

“माझ्या आईला कोणीतरी मारतंय,” ताइसिया म्हणाली.

“विष घालून?” कपितोनने विचारले.

“नाही. मीना चढवून.”

तिचे वडील पोर्फिरी लुकिच झारच्या सोनारांच्या रीतीने पेने घडवत. चांदीवर बारीक लाटा कोरायच्या आणि त्यांवर काचेसारखा मीना थरावर थर देऊन भट्टीत वितळवायचा. फेब्रुवारीत ते वारले तेव्हा एक पेन अर्धे राहिले होते. नळी पुरी झाली होती. टोपणावर फक्त पहिला फिकट थर होता.

“आई दफनानंतर सगळ्यांसमोर म्हणाली, हे पेन पुरं झालं की तो मला न्यायला येईल. तेव्हापासून बंद खोलीत ते टोपण गडद होत चाललंय. आईने हृदयाच्या गोळ्या सोडल्या. नुसत्या चहावर आहे. उद्या चाळिसावा दिवस.”

मेलेल्याचा जीव चाळीस दिवस घरातच वावरतो, हे तिघांपैकी कोणालाच सांगावे लागले नाही. कपितोनने छातीवर क्रूस काढला.

ताइसियाच्या घरातले आरसे, मरण झालेल्या घराच्या रीतीने, अजून चादरींनी झाकलेले होते. पेलागेया मकारोव्हना, ताइसियाची आई, खुर्चीत इतकी बारीक होऊन बसली होती की आधी शालच दिसली. कामाच्या खोलीची किल्ली तिच्या गळ्यात होती. तिने दार उघडून दिले.

खोली थंडगार. नवऱ्याच्या फोटोपुढे त्याच्या जिवासाठी ठेवलेला वोडकाचा पेला, त्यावर काळ्या पावाचा तुकडा. भट्टीच्या कडीवर कोळ्याने जाळे विणले होते. कपितोनने त्यावर फुंकर मारली, जाळे नुसते हलले, आणि तो लगेच दोन पावले मागे सरला.

“भट्टी पेटलीच नाही, वहिनी. मग मीना वितळला कशावर?”

अवगुस्ताने बाकावरचे तागाचे कापड उचलले. खाली नुसती नळी होती, निळी, खोल पाण्यासारखी.

“टोपण कुठे आहे?”

“या वेळी ते नसतंच,” पेलागेया शांतपणे म्हणाली. “दिवसा तो घेऊन बसतो. सकाळी आणून ठेवतो. मी एकदा दुपारी पाहिलं तर जागा रिकामी, तेव्हाच समजले.”

कपितोनने पुन्हा क्रूस काढला.

“सकाळी कापड कोण उचलतं?”

“वेन्या, माझा जावई. माझे हात थरथरतात ना. पोर बिचारं रोज माझ्याबरोबर फोटोपुढे उभं राहतं.”

पोर्फिरीचा जुना मदतनीस गुरी स्वयंपाकघरात पीत बसला होता.

“माझ्यावर संशय घ्या, घ्या,” तो म्हणाला. “मीना चढवायला मलाच येतो. पण भाजू कुठे, माझ्या बोडक्यावर? आणि ते टोपण बघितलंय मी एका सकाळी. मालकाच्या कामात एखादा बुडबुडा राहायचाच. बघा त्या नळीवर, दोन आहेत. टोपणावर एक नाही. मेल्यावर हात सुधारला म्हाताऱ्याचा.”

तो हसला, पण पेला त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

संध्याकाळी जावई वेनियामिन कामावरून आला. दातांच्या दवाखान्यात तो चिनीमातीचे दात घडवत असे. कपितोनचा तुटका दात त्याने बोलता बोलता हेरला.

“काका, या माझ्याकडे. असा दात देतो, आत हवेचा कण सापडणार नाही. भाजताना भट्टीतली हवाच ओढून घेतो आम्ही.”

“सासूबाईंची काळजी वाटते?” अवगुस्ताने विचारले.

“वाटते तर. पण त्यांचं मन तिकडेच लागलंय. माणसाला अडवायचं किती?”

“हे घर मोठं आहे.”

“मागल्या उन्हाळ्यापासून सांगतोय, विकून दक्षिणेला समुद्राकाठी जाऊ. आई ऐकतील तर ना.”

सकाळी सगळे खोलीपाशी जमले. पेलागेयाने काळी ओढणी अंगभर गुंडाळून घेतली होती, प्रवासाला निघाल्यासारखी. दार उघडताच वेनियामिन पुढे सरकला. अवगुस्ताने त्याच्या आधी कापड उचलले.

टोपण नव्हते.

“आज आणलं नाही त्याने,” पेलागेया पुटपुटली.

“आणलंय,” अवगुस्ता म्हणाली. “वेनियामिन, कोटाचा खिसा.”

ताइसियाने स्वतः नवऱ्याच्या खिशात हात घातला. टोपण बाहेर आले, पुरे झालेले, नळीहून सुंदर.

“कोळ्याचं जाळं शाबूत, म्हणजे ते इथे भाजलं नाही,” अवगुस्ता म्हणाली. “दुसरी भट्टी हवी. एकही बुडबुडा नाही, म्हणजे हवा ओढून घेणारी भट्टी. दातांची भट्टी आतून बोटभर असते. त्यात नळी जात नाही, टोपण जातं. धातूवर कुंचल्याने भुकटीचे थर द्यायचे हे याचं रोजचंच काम आहे. सकाळी कापड उचलताना टोपण खाली सरकवायचं, झाकताना पुन्हा मुठीत घ्यायचं. दफनाच्या दिवशी तुम्ही, पेलागेया मकारोव्हना, जे बोललात, ते याने ऐकलं होतं. तुम्ही गेलात की घर विकायला कोणी अडवणार नव्हतं.”

“पण मी त्यांना हातसुद्धा लावला नाही,” वेनियामिन म्हणाला.

“याला कलम कुठलं, वहिनी?” कपितोनने हळूच विचारले.

“कुठलंच नाही, भावजी. म्हणून तर ही रीत.”

पेलागेया फोटोकडे बघत होती. “म्हणजे तो आलाच नव्हता?”

“नाही.”

“एकाही सकाळी?”

अवगुस्ताने टोपण नळीशेजारी ठेवले. म्हातारी जावयाकडे वळून म्हणाली, “आई म्हणायचास मला. आता म्हणू नकोस.”

वेनियामिन टोपी उचलून बाहेर पडला. ताइसिया त्याच्या मागे गेली नाही.

“तायुश्का,” पेलागेया खुर्चीत बसत लेकीला म्हणाली, “माझ्या गोळ्या कुठे टाकल्यास? आणि थोडी लापशी कर. घट्ट कर.”

पेलागेया मकारोव्हना ११ ऑगस्ट २००४ रोजी, बुधवारी सकाळी, निमोनियाने वारली. तेव्हा ताइसिया तिच्याजवळ होती.