एल्डनचं इंजिन

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मला फरक पडत नाही. भुताच्या गोष्टी चवीनं वाचणाऱ्यांबद्दल मला फारसा आदर नाही. पण आमच्या गावात लोक या गोष्टीला गोड मुलामा देत सुटलेत, म्हणून जे घडलं ते सांगते.

ऑक्टोबर महिना. नेब्रास्का. गावाबाहेरची आमची गवताची धावपट्टी. सूर्य मावळतीला टेकला होता.

माझा नवरा एल्डन वसंतात गेला. झोपेतच, शांतपणे. मागे उरलं एक जुनं, वर पंख असलेलं चार जणांचं विमान. माझ्या लग्नाच्याही आधीचं.

त्याचं इंजिन गिअरवालं. साध्या विमानात इंजिन ज्या वेगानं फिरतं त्याच वेगानं पुढचा पंखा फिरतो. इथं मधे दातेरी चाकं. पंखा सावकाश, इंजिन मात्र जोरात. त्याला कायम ओरडत ठेवावं लागतं. आवाज ऐकून घाबरून वेग कमी केलात, की ते आतल्या आत कुढतं. आणि उतरताना एकदम सगळा जोर काढलात तर उलटा पंखाच इंजिनाला फिरवतो, दात दातांवर आपटतात, संपला खेळ.

एल्डननं मला वर्षानुवर्षं हे जेवताना ऐकवलं. स्वयंपाकाच्या टेबलावर सिलिंडर, माझ्या भांड्यांत ग्रीस. माझं अपेंडिक्स फुटलं तेव्हा स्वारी विमानाच्या शेडमध्ये, हँगरमध्ये, तेल बदलत होती. तेल बदलून झालं, मग आला.

तर ते धूड मला विकायचं होतं. विकून लिंकनला बहिणीकडे राहायला जायचं होतं. घेणारा तयार होता माझा दीर, लॉईड.

लॉईड म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस. चाळीस वर्षं साधी विमानं उडवली, त्यामुळे जगातलं प्रत्येक इंजिन आपल्याला कळतं असा समज. एक फेरी मारून बघतो म्हणाला, तूही चल. मी गेले. सौदा व्हायला हवा होता ना.

वर गेल्यावर त्यानं तेच केलं, जे असली शहाणी माणसं करतात. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या वर बघितला आणि थ्रॉटलची काळी मूठ बाहेर ओढली. ती बाहेर ओढली की इंजिनाचा जोर कमी, आत ढकलली की जास्त.

मी सांगितलं, ओढू नकोस, याला ओरडूच द्यायचं असतं.

"आता तू शिकवणार मला?" लॉईड हसला. "किती बोंबलतंय ते बघ. एल्डननं हे असंच पळवून पळवून मारलं असणार."

पुन्हा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी खिडकीबाहेर बघत बसले.

इंजिनाचा आवाज खाली आला होता. घुसमटल्यासारखा...

आणि मग वर चढला.

लॉईडनं बघितलं. मूठ पुन्हा आत गेली होती.

त्यानं ओढली.

ती आत गेली. सावकाश. कुणीतरी तळव्यानं रेटावी तशी...

"वर्ना, हात लावू नकोस," लॉईड माझ्यावर ओरडला.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी ते त्याला दाखवले. मूठ ढिली झाली असेल म्हणून त्यानं तिला जागेवर धरून ठेवणारी चकती पिळून घट्ट केली. बोटं पांढरी होईपर्यंत.

तेव्हा कानावरच्या हेडफोनमध्ये आवाज आला.

"हुं..."

नाकातून काढलेला. छोटासा.

"काय म्हणालीस?" लॉईडनं विचारलं.

मी काहीच म्हणाले नव्हते. तो आवाज मी ओळखला. कोशिंबिरीत मीठ कमी पडलं, मी नकाशा उलटा धरला, मी रडले, की एल्डन असाच करायचा. माणसांसाठी त्याच्याकडे तेवढंच होतं.

लॉईडचा चेहरा उतरला. आपण खाली जाऊ या, म्हणाला. घाईघाईत वळवलं. धावपट्टी समोर आली तेव्हा आम्ही फार उंच होतो. फेरी मारून पुन्हा यायला हवं होतं, पण धीर कुठं होता? त्यानं मूठ एका झटक्यात पूर्ण बाहेर खेचली.

म्हणजे नेमकं तेच, जे या इंजिनाला करायचं नाही.

मूठ आत जाऊ लागली.

लॉईडनं दोन्ही हातांनी धरली. पाय टेकवून ओढली. मीही हात घातला. दोघांची ताकद एकीकडे... आणि ती इंचाइंचानं आत सरकतेय.

चाकं टेकली तेव्हा अर्धी पट्टी मागे पडली होती. लॉईड ब्रेक दाबतोय. इंजिन पुढे ओढतंय. समोर तारेचं कुंपण, जाड लाकडी खांब.

तेव्हा मी बोलले. लाज वाटते सांगायला, पण विनवणीच केली.

"एल्डन, आत मी आहे."

मूठ थांबली.

क्षणभर. माझ्या हाताला ते थांबणं जाणवलं.

मग ती आत गेली.

अगदी कुंपण आलं तेव्हा लाल मूठ बाहेर आली. इंधन तोडणारी. तिला आमच्यापैकी कुणीही शिवलं नव्हतं. ती आली हळुवार, जपून... इंजिन बंद पडलं. पंखा दोनदा गरगरला आणि बरोबर आडवा थांबला. जमिनीला लागू नये म्हणून थांबवतात तसा.

मग आम्ही खांबावर आदळलो.

लॉईडचं खांद्याचं हाड मोडलं. माझ्या तीन बरगड्या, समोरचे दात. पंख फाटला, पुढचं चाक तुटलं. पंख्याला ओरखडासुद्धा नाही. आमच्या मेकॅनिक टॉमसिकनं नंतर गिअरची पेटी उघडली. सगळे दात नव्यासारखे.

विमानतळावरचे कॉफीबहाद्दर म्हणतात, शेवटी एल्डननंच इंजिन बंद केलं, बायकोला वाचवलं. केवढं प्रेम म्हणे. त्यांच्या बायकाही डोळे पुसतात. अकलेचे कांदे सगळे. वाचवायचंच असतं तर लाल मूठ आधी ओढता आली नसती? पट्टी भरपूर होती तेव्हा?

लॉईड आता फोनही उचलत नाही. इंजिन हँगरमध्ये स्टँडवर आहे. घ्यायला दोघे येऊन बघून गेले, परत आले नाहीत. मी अजून इथंच आहे.

एल्डननं माझ्यापेक्षा इंजिनाला जास्त जपलं, याचं नवल नाही. जिवंतपणीही तेच होतं. झोप उडवतं ते मधलं थांबणं. माझा आवाज ऐकून मूठ थांबली होती.

म्हणजे त्यानं विचार केला होता...

आणि विचार करून आत ढकलली.