लाल गाडीचा कासरा

चहा घ्या आधी. जुनी गाडी घ्यावी की नाही हे विचारायला तुम्ही आलात, म्हणजे कोणीतरी सांगितलं असणार की अमळनेरच्या पितांबर नानाला विचारा. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. मी जन्मभर बैलांचा बाजार केला. त्या बाजारातल्या दोन गोष्टी मात्र मी सोडल्या नाहीत. एक, विकणाऱ्यानं बैल आधी स्वतः जुंपून दाखवायचा. जो स्वतःच्या बैलाजवळ जायला कचरतो, त्याचा बैल फुकटही घेऊ नये. आणि दुसरी, बैलाच्या दोराचा कासरा हातात आला की सौदा पक्का, मग मागं फिरणं नाही.

माझ्या विधवा बहिणीचा, लताबाईचा, समाधान हा एकुलता एक. पंपाचं दुकान चालायला लागलं आणि पठ्ठ्याला स्पोर्ट्स कारचं वेड लागलं. धुळ्याच्या लीलाधर शेठकडे एक लाल गाडी विकायला होती. दोनच सीटा, पोट जमिनीला लागलेलं, किंमत ऐकून शंका यावी इतकी कमी. बहीण मला म्हणाली, "भाऊ, तू जाय त्याच्यासंगे. माले त्याच्याबिगर कोण शे?" मी म्हटलं, जातो.

मे महिना होता, भर दुपार. आमच्या जुन्या डबड्यानं धुळं गाठेपर्यंत अंगाची लाही झाली. शेठचं घर गावाबाहेर, नव्या प्लॉटांत. आजूबाजूला घर एकच, त्याच्या अंगणात एक म्हातारी बाजेवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दूर पूल दिसत होता, त्याच्याखाली कोरडा नाला.

लीलाधर शेठ चांगला दणकट, गळ्यात साखळी, बोलायला गोड. चावी त्यानं लांबूनच समाधानच्या हातात टाकली. "घ्या, फिरवून आणा. मी इथंच आहे."

मी डाव्या सीटवर बसलो तर गुडघे छातीला लागले. सीट पार पुढं ओढलेली, एखाद्या बुटक्या बाईसाठी ओढावी तशी. मी खालची दांडी धरून ती मागं सरकवली. गाडी दिवसभर उन्हात उभी होती, पण आत गारवा होता. आणि वास होता... आवळ्याच्या तेलाचा. नुकती वेणी घातलेलं डोकं जवळ असावं तसा.

पुलापर्यंत जाऊन आलो. समाधानचे डोळे चमकत होते. "मामा, गाडी एक नंबर शे." मी खाली उतरलो, दार लावलं, आणि इंजिनाचा आवाज ऐकायला त्याला म्हटलं, जरा पुढं घे. गाडी चार हात सरकली आणि आत घंटी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. डाव्या सीटवरच्या माणसानं बेल्ट लावला नाही की वाजते ना, ती. सीट रिकामी होती.

"सेन्सर बिघडलाय," शेठ लांबूनच ओरडला. "त्याचे कमी करू."

मी वाकून आत पाहिलं. सीट पुन्हा पुढं सरकली होती.

मी शेठकडं पाहिलं. तो गाडीकडं बघतच नव्हता, चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता. बैलबाजारात असा माणूस मी शंभर पावलांवरून ओळखतो. अमळनेरहून आलोय म्हणत, पाणी मागायचं निमित्त करून मी म्हातारीच्या अंगणात गेलो. प्रमिलाबाई तिचं नाव. तिनं तांब्या दिला आणि बिबडी उलटता उलटता, मान वर न करता बोलली.

"भाऊ, ती गाडी लेऊ नका."

"का हो अक्का?"

"त्याची बायको गेली त्या गाडीमां. सारिका. तुमनाच गावनी लेक."

मग तिनं जे सांगितलं ते थोडक्यात सांगतो. शेठ पिऊन गाडी चालवत होता, सारिका डाव्या सीटवर. याच पुलाच्या कठड्यावर डावी बाजूच आदळली. ती जागीच गेली, याला खरचटलंसुद्धा नाही. पोलीस यायच्या आत यानं तिला ओढून स्टीअरिंगमागं बसवलं आणि सांगितलं, गाडी बायको चालवत होती, मी नको नको म्हणत होतो. अंगणातून हे पाहणाऱ्या प्रमिलाबाईला कोणी विचारलंच नाही, केस मिटली. यानं गाडी दुरुस्त करून घेतली. उलट तिच्या म्हाताऱ्या बापाला चार लोकांत ऐकवलं, तुमच्या पोरीनं माझा जीव घेतला असता. बाप खाली मान घालून ऐकत राहिला.

"तिले गाडी येतच नव्हती, भाऊ," प्रमिलाबाई म्हणाली. "सायकलबी नही."

मला राग आला. भीती वाटायला हवी होती हे मलाही कळतं, पण डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. मेलेल्या बाईच्या नावावर आपलं पाप ढकलायचं, आणि वर तीच गाडी माझ्या भाच्याच्या गळ्यात मारायची. तिथंच सौदा मोडून निघालो असतो तर हा उद्या दुसऱ्या कोणाच्या पोराला बोलावणार, हेही उघड होतं.

परत आलो तर समाधान इसाराचे पैसे खिशातून काढत होता. मी त्याचा हात दाबला आणि शेठला म्हटलं, "शेठ, गाडी आवडली. पण आमच्यात रीत आहे. विकणारा आधी स्वतः चालवून दाखवतो. पुलापर्यंत जा, वळवून या. आलात की लगेच सौदा."

"माझी मान दुखते, नाना."

"पुलापर्यंत?"

"ऊन फार आहे..."

"आत गार आहे शेठ. तुम्हाला ठाऊक नाही? तुमचीच गाडी ना?"

तो घामानं डबडबला होता. पण इसाराचे पैसे समोर दिसत होते, आणि त्याला ती गाडी दारातून काढायची होती काहीही करून. समाधान म्हणाला, "मी बसतो शेठसंगे." आणि डाव्या दाराकडं निघाला. मी त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होते.

"ती जागा रिकामी राहू दे," मी म्हटलं.

शेठ उजवीकडं बसला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, समाधाननं पाहिलं, प्रमिलाबाईनं पाहिलं. पोट मोठं म्हणून त्यानं आपली सीट पार मागं घेतली. गाडी हलली. घंटी सुरू झाली. टिंग, टिंग, टिंग...

मग आतून आवाज आला. टक्. बेल्ट लागल्याचा.

घंटी थांबली.

शेठनं हळूच डावीकडं मान वळवली. काचेतून त्याचे ओठ हलताना दिसले. तो कोणाला तरी विनवत होता, हात जोडायला त्यानं स्टीअरिंग सोडलंही. तरी गाडी सरळच जात राहिली, पुलाच्या दिशेनं, हळूहळू वेग घेत. एखादा नवशिका चालवतो तशी आधी अडखळत, मग सावरत. प्रमिलाबाईनं पदर तोंडाला लावला.

मग नाल्यातून धूळ वर आली.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी तळाला नाक खुपसून उभी होती. लीलाधर शेठ गेला होता. पण तो डाव्या सीटवर होता. बेल्ट अंगाभोवती आवळलेला, कापल्याशिवाय सुटला नाही. उजवीकडची सीट रिकामी होती आणि पार पुढं ओढलेली, स्टीअरिंगला टेकेपर्यंत. तिथं शेठ सोडा, समाधानही मावला नसता. उजवं दार उघडं होतं. चावी कुठंच नव्हती.

हवालदारानं विचारलं, "नाना, गाडी चालवत कोण होतं?"

"त्यांची बायको," मी म्हटलं. "शेठनंच सांगितलं होतं पोलिसांना. मागच्या खेपेला."

तो मानेवरचा घाम पुसून दुसरीकडं गेला.

अमळनेरला परतताना समाधान मागं आडवा पडला होता, ताप भरल्यागत. मी चालवत होतो. शेजारची सीट रिकामी. आमच्या डबड्याला घंटी बिंटी काही नाही. तरी वाटभर आवळ्याच्या तेलाचा वास येत होता आणि मी एकदाही डावीकडं पाहिलं नाही. गावात शिरताना बेल्ट सुटल्याचा आवाज झाला. मी गाडी थांबवली. म्हटलं, "जा बाई, बापाचं घर जवळच आहे." मग वास गेला.

घरी उतरताना शेजारच्या सीटवर हात पडला. तिथं चावी होती. लाल गाडीची. थंडगार आणि तेलकट.

समाधान वाचला, माझ्या बहिणीचं घर राहिलं. पण कासरा हातात आला की सौदा पक्का, आणि मी एक पैसा दिला नव्हता. तिला जे हवं होतं ते मी त्या दुपारी गाडीत बसवून दिलं. तिनं ते किंमत म्हणून धरलं आणि चावीचा कासरा माझ्या हातात दिला.

चावी त्या खणात आहे. तापीत टाकून आलो होतो, घरी आलो तर खणातच होती. हात लावून बघा, या उन्हातही थंड लागेल.

बरं, आता तुमचं सांगा. तुमच्या त्या गाडीचा मालक स्वतः चालवून दाखवतो का?

टाळतो म्हणता...

मग मला घेऊन चला. चावी मी बरोबर घेतो. डावी सीट तेवढी रिकामी ठेवा.