हनुवटीवरचा हात

मिरजेच्या चेतासंशोधन संस्थेत तिसऱ्या मजल्यावर एक लहानशी खोली होती. तिला सगळे कुंचल्याची खोली म्हणत. अवजड यंत्रे शेजारच्या दालनात गुरगुरत असायची. इथे मात्र दंतवैद्याकडे असते तशी एक खुर्ची, एक पडदा आणि टेबलावर मऊ केसांचा एक कुंचला, एवढाच सरंजाम. संस्थेला ज्या शोधाने नाव मिळवून दिले, त्याचे खरे काम या कुंचल्याने झाले होते.

त्या दिवशी खुर्चीत मनीषाताई धायगुडे डोळ्यांवर पट्टी बांधून बसल्या होत्या. कुंचला त्यांच्या मुलीच्या, म्हणजे डॉ. शलाकाच्या हातात होता. मुलीने स्वतःच्या आईवर प्रयोग करावा की नाही, यावर संस्थेच्या नीतिसमितीत बराच खल झाला होता. मनीषाताईंनी तो एका वाक्यात मिटवला. "हिला पोटात वाढवताना मी कुठल्या समितीला विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि समितीचे अध्यक्ष हसत हसत सही करून मोकळे झाले.

शलाकाने कुंचला आईच्या हनुवटीच्या डाव्या बाजूवरून फिरवला.

"आता," मनीषाताई म्हणाल्या. मग पुन्हा, "आता. आता खालच्या ओठावर."

सगळे अचूक होते. शलाकाने कुंचला टेबलावर ठेवला आणि ती पट्टी सोडायला वळली.

"आता," मनीषाताई म्हणाल्या.

"आई, कुंचला मी खाली ठेवलाय."

"ठेवला असशील. मला वाटलं ते मी सांगितलं." त्यांनी स्वतःच पट्टी वर सरकवली. "हल्ली होतं असं अधूनमधून. कुणीतरी हनुवटीवरून हात फिरवतंय असं वाटतं. छान वाटतं गं. अवि नाही का, मी रुसले की हनुवटीखाली बोट घालून तोंड वर करायचा, अगदी तसं."

अविनाश, म्हणजे शलाकाचे बाबा, जाऊन चार वर्षे झाली होती. शलाका हसली, पण ती वेळ तिने टिपून ठेवली.

हे सगळे सुरू झाले होते एका दाढेपासून. मनीषाताईंची खालची डावी शेवटची दाढ किडली, आणि तिची मुळे जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या चेतातंतूला बिलगलेली निघाली. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांनी तंतू दुखावू शकतो असे आधीच बजावले होते; त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. दाढ निघाली, भूल उतरली, पण अर्ध्या ओठाची आणि अर्ध्या हनुवटीची भूल काही उतरेना. महिने गेले, वर्ष गेले. चहाचा ओघळ हनुवटीवरून पदरावर यायचा तेव्हा कळायचे. भाताचे शीत तोंडाला चिकटून राहायचे आणि समोरचा माणूस सांगावे की नाही या विचारात पडायचा. ओठ दाताखाली चावला जायचा आणि रक्ताची चव आल्यावर उलगडा व्हायचा. बधीर म्हणावे तर ते धड बधीरही नव्हते. कुणी तिथे रबराचा तुकडा शिवून त्यात मुंग्या सोडल्यासारखे काहीतरी होते. लोकांना हे सांगायला जावे, तर ते म्हणत, "दाढच ना?" मोडलेल्या पायाला माणसे खुर्ची देतात, बधीर ओठाला कुणी काही देत नाही. मनीषाताईंनी मैत्रिणींबरोबर जेवायला जाणे सोडले, मग लग्नकार्यांना जाणे सोडले, आणि शेवटी शलाकासमोरही त्या तोंड फिरवून जेवू लागल्या.

शलाकाने मग अनुमान-सेतू बनवला. कल्पना सोपी होती. दुखावलेला तंतू अगदी मुका नसतो. तो मेंदूकडे तुटक तुटक काहीतरी पाठवत असतो. फोनवर आवाज तुटत असला, तरी ऐकू आलेल्या चार शब्दांवरून आपण पुढचे वाक्य जुळवतो. तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप तंतूच्या जखमेवर बसवायची, तिने तुटक संकेत ऐकायचे, उरलेले अनुमानाने भरून काढायचे आणि पुरा स्पर्श मेंदूकडे पाठवायचा. फक्त कुठल्या स्पर्शाला कुठला संकेत येतो, हे तिला आधी शिकवायला हवे. म्हणून ती खोली आणि म्हणून तो कुंचला. चिपला शिकवता शिकवता आठ महिने गेले, आणि एका सकाळी चहाचा कप ओठाला लागताच मनीषाताई म्हणाल्या, "ऊन आहे." एवढे बोलून त्या ढसाढसा रडल्या होत्या.

त्याच सेतूची नोंद शलाकाने प्रयोगाच्या त्या दिवशी संध्याकाळी डॉ. इम्तियाज मुजावरांसमोर ठेवली. इम्तियाज जबड्याचे शल्यविशारद. सेतू बसवण्याची शस्त्रक्रिया त्यांचीच, आणि शलाकाचे ते कॉलेजपासूनचे मित्र.

"गोंगाट असेल," इम्तियाज म्हणाले. "तंतू भरून येताना वाटेल ते पाठवतो."

"गोंगाट कमी-जास्त होतो रे. हा नुसता वाढतोय. गेल्या महिन्यात क्वचित होता, आता दिवसभर आहे."

"म्हणजे कुणी हात लावत नसताना तंतू काहीतरी पाठवतोय."

"हो. आणि सेतू त्याचा अर्थ कुंचला असा लावतोय."

"कुंचलाच का?"

"त्याला येतंय काय दुसरं? मऊ शिकवलं, ऊन शिकवलं, गार शिकवलं. अनोळखी काही आलं, की तो ते ओळखीच्या गोष्टीत बसवणार. गप्प बसायला आपण त्याला शिकवलेलंच नाही."

इम्तियाजांनी पडद्यावरची नोंद मागे सरकवून पाहिली. मग त्यांनी सावकाश विचारले, "दुखणं शिकवलं होतं का त्याला?"

"समितीनं परवानगी दिली नाही. रुग्णाला मुद्दाम वेदना द्यायची नाही, असा नियम आहे. मीही आग्रह धरला नाही. आईला टाचणी कशी टोचणार होते मी?"

"म्हणजे तिथे दुखायला लागलं तर..."

"तर कुणीतरी हनुवटीवरून हात फिरवतंय असं वाटणार," शलाका म्हणाली.

स्कॅन त्याच संध्याकाळी झाले. डाव्या जबड्याच्या हाडात, तंतूला खेटून, सुपारीएवढी गाठ होती आणि ती आतून हाड पोखरत होती.

"तंतू धड असता, तर या गाठीनं माणसाला झोपू दिलं नसतं," इम्तियाज म्हणाले. शलाकाला आठवले, आई दोन दिवसांपूर्वीच म्हणाली होती, की हल्ली फार गाढ झोप लागते.

आईला हे सांगण्याचे काम शलाकाने दुसऱ्या कुणाकडे दिले नाही. गाठ, शस्त्रक्रिया, त्यातले धोके, सगळे तिने नीट समजावून सांगितले. मनीषाताईंनी गाठीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

"म्हणजे ते दुखणं होतं," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"अवि नाही ते मला कळत होतं. एवढी काही मी खुळी नाही. पण वाटायचं, तुझ्या त्या दाण्यानं माझ्या डोक्यातून कुठून तरी जुनं शोधून काढलं असेल." त्यांनी पदर सारखा केला. "जाऊ दे. कधी करायचं ऑपरेशन?"

गाठ खरवडून निघाली. तंतू वाचला, सेतूही जागेवर राहिला. घरी सोडताना इम्तियाजांनी मायलेकींना समोर बसवले. "अशी गाठ पुन्हा येऊ शकते," ते म्हणाले. "आली तर खरवडून भागणार नाही, तेवढं हाडच काढावं लागेल. त्याबरोबर तंतू जाईल आणि सेतूही जाईल. लवकर कळलं तर लहानसा तुकडा. उशीर झाला तर किती, ते आज सांगता येणार नाही."

"तुम्हाला कळणार कसं, डॉक्टर?" मनीषाताईंनी विचारले.

"सहा महिन्यांनी स्कॅन करूच. मधल्या काळात मात्र तुम्हीच सांगायचं. सेतू बंद केला तर बधीरपणात काहीच कळणार नाही. चालू ठेवला तर निदान हात फिरेल. हात फिरला की त्याच दिवशी यायचं."

"त्यापेक्षा सेतूला दुखणं शिकवू," शलाका म्हणाली. "आता समिती नाही म्हणणार नाही."

समितीने खरोखरच लगेच होकार दिला. पुढच्या आठवड्यात कुंचल्याच्या खोलीत मनीषाताई पुन्हा पट्टी बांधून बसल्या. शलाकाच्या हातात या वेळी निर्जंतुक सुई होती. हनुवटीवर ऑपरेशनची सूज अजून पिवळट दिसत होती. सुई कातडीला टेकली आणि तिथेच थांबली.

"नको टोचूस," मनीषाताई म्हणाल्या. "मला आता अर्थ ठाऊक आहे ना? हात फिरला की मी सांगेन. तुझ्या यंत्राला कशाला शिकवायचं?"

शलाकाने सुई खाली ठेवली. तिचा जीव भांड्यात पडला, आणि खरे सांगायचे तर चूक इथेच झाली. परक्या रुग्णाच्या बाबतीत तिने असे कधीच केले नसते.

हात फिरणे थांबले होते. शलाका रोज सकाळी फोन करी, आणि "हात?" एवढेच विचारी. पलीकडून "नाही गं" असे उत्तर येई, आणि मुलीचा दिवस चांगला सुरू होई. त्या दोन शब्दांतला आईचा आवाज किती पडलेला असतो, हे तिला ऐकू येत होते. नवऱ्याला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखी आई घरात वावरत होती. पण चांगली बातमी ती चांगलीच, असे शलाका मनाला बजावत राहिली.

मग पावसाळा सरता सरता आई सावरली. मैत्रिणींबरोबर औदुंबरला जाऊन आली. फोनवर गुणगुणू लागली. "हात?" म्हटले की "नाही गं बाई, किती विचारशील!" असे हसून म्हणू लागली. शलाकाने हे इम्तियाजांना कौतुकाने सांगितले. दिवाळीनंतर स्कॅन होतेच.

धनत्रयोदशीच्या दुपारी शलाका फराळाचा डबा घेऊन न कळवता घरी गेली. दार नुसते लोटलेले होते. मनीषाताई खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोळे मिटलेले, हनुवटी किंचित वर उचललेली, आणि चेहऱ्यावर असे समाधान, की शलाकाला क्षणभर आपण नको तिथे आलो असे वाटले. शेजारी चहावर साय धरली होती.

"आई."

मनीषाताईंनी दचकून डोळे उघडले. "अगं, तू कधी आलीस?"

"हात फिरतोय?"

"नाही गं."

उत्तर रोजचेच होते, पण फोनवर चेहरा दिसत नसे. दुखणे लपवणारी माणसे शलाकाने खूप पाहिली होती. कण्हणे दाबणारी, दात आवळणारी ती माणसे तिला लगेच ओळखू यायची. सुख लपवणारे माणूस ओळखायचे कसे, हे तिला कुणी शिकवले नव्हते.

"कधीपासून?" तिने विचारले.

मनीषाताईंनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "गौरी आल्या तेव्हापासून."

शलाकाने फराळाचा डबा खाली ठेवला. "दोन महिने, आई? रोज विचारत होते मी."

"सांगितलं असतं तर तू काढून टाकलं असतंस."

"ते दुखणं आहे. हाड खातंय ते तुझं."

"माहीत आहे मला. तूच नाही का नीट समजावून सांगितलंस?" मनीषाताईंचा आवाज शांत होता, आणि शलाकाला त्या शांतपणाचीच भीती वाटली. "पण मला दुखत नाही ना, शलाका. ज्याचं दुखणं त्यालाच दुखत नाही, तर मग ते दुखतंय कुणाला?"

"मला," शलाका म्हणाली, आणि तिला रडू फुटले.

मनीषाताई उठल्या नाहीत. त्यांनी बसल्या जागेवरून हात लांब करून मुलीच्या डोक्यावर ठेवला. आपल्यामुळे लेक रडते आहे, हे त्यांना सहन होत नव्हते. दोन महिन्यांत हा विचार त्यांना शिवला नव्हता असे नाही, पण रोज सकाळी त्या तो उद्यावर ढकलत आल्या होत्या.

शलाकाने डोळे पुसले आणि फोन लावला. इम्तियाजांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "आत्ता घेऊन ये. सणाचं बघू नकोस."

"चल, आई. ते वाट बघतायत." तिने आईची चप्पल आणून खुर्चीपाशी ठेवली.

मनीषाताईंनी चपलेत पाय सरकवले. खुर्चीच्या हातांवर भार देऊन त्या अर्धवट उठल्या, आणि पुन्हा खाली बसल्या. त्यांची हनुवटी हळूच वर झाली.

"थांब जरा," डोळे मिटून त्या म्हणाल्या. "एवढा फिरून होऊ दे."

शलाका गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभी राहिली.