सातव्या प्रकरणातला प्रश्न

सकाळी दहाला दारावरची घंटा वाजली, तेव्हा भाऊजी पंख्याचं बटण दुरुस्त करण्याच्या नावाखाली ते आणखी बिघडवत होते. दार वहिनींनीच उघडलं. बाहेर पन्नाशीची एक बाई उभी होती. पदराला चार टाचण्या टोचलेल्या, काखेत दोन जाडजूड पार्सलं.

"हरवलेलं शोधून देणाऱ्या तुम्हीच ना?"

"मीच. पोस्टात तीस वर्षं हरवलेली टपालं शोधली, आता माणसं शोधते. हे माझे दीर. मदत करतात."

भाऊजी भूमितीचे निवृत्त शिक्षक. मदत कमी आणि प्रश्न फार, ही त्यांची पद्धत. पण पाणी आणायला तेच उठले.

बाई शिवणकाम करणाऱ्या. भाऊजींनी मनातल्या मनात त्यांचं नाव शिवणबाई ठेवूनही टाकलं. त्यांनी एक कादंबरी लिहिली होती. एका प्रकाशनाकडे दोनदा पाठवली, दोनदा परत आली. पण दोन्ही वेळा छापील नकारपत्रासोबत टंकलिखित सूचनांची सात-आठ पानं होती. कुठे पाल्हाळ झालंय, कोणतं पात्र अर्धवट राहिलंय, सगळं त्यात होतं. त्या सूचनांनुसार शिवणबाईंनी कादंबरी तीन वर्षं घासली, तिसऱ्यांदा पाठवली, आणि प्रकाशकांचा फोन आला की पुस्तक घेतलं.

"मी म्हटलं, तुमच्या सूचनांमुळेच झालं. तर ते म्हणाले, कसल्या सूचना? आम्ही फक्त छापील चिठ्ठी पाठवतो." शिवणबाईंनी पार्सलं टेबलावर ठेवली. "शनिवारी करारावर सही करायचीय, आणि माझा हात उठत नाही. दुसऱ्याच्या शिवणीवर स्वतःच्या दुकानाच्या नावाची पट्टी मी आयुष्यात लावली नाही. कोण आहे ते शोधा. पुस्तक माझं आहे की त्याचं, हे मला कळू दे."

वहिनींनी पहिलं पार्सल उघडलं. सुवाच्य हस्तलिखित. सातव्या प्रकरणात एक विधवा नवऱ्याच्या सदऱ्यातून मुलीचा फ्रॉक बेतते. तिथे लिहिलं होतं: 'तिने खडू उचलला, सदरा पसरला आणि असा कापला'. त्याखाली सदऱ्यावरच्या कापाच्या रेषांची पानभर आकृती. तिच्याखाली, 'मग ती खुर्चीत बसून रडली.'

"आम्ही शिवणारी माणसं सांगत बसत नाही, आखून दाखवतो," शिवणबाई ओशाळून म्हणाल्या.

त्या जागेची सूचना वहिनींनी मोठ्याने वाचली. "'कसा कापला? पहिली कात्री कुठे लावली? हे ऐकण्यासाठी जीव कानात गोळा झाला होता, आणि वाक्य अर्धं सोडून तुम्ही कुठे निघून गेलात?'"

"या प्रश्नावर मी दोन महिने रडले," शिवणबाई म्हणाल्या. "मग लिहिलं. प्रकाशक म्हणतात, त्याच पानासाठी पुस्तक घेतलं."

वहिनींनी पार्सलाच्या वेष्टनावरचा पोस्टाचा शिक्का भिंगातून पाहिला. तारीख दहा होती.

प्रकाशनाचं कार्यालय म्हणजे पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून कशीबशी वाट काढलेली तीन खोल्यांची जागा. मधल्या खोलीत सगळ्यांच्या वापराचं टंकलेखनयंत्र होतं. त्यावर भाऊजींनी चार अक्षरं बडवली. सूचनांतली तुटकी वेलांटी इथेही तशीच उमटली; सूचना तिथल्याच निघाल्या.

"म्हणजे घरातलाच माणूस," भाऊजी कुजबुजले.

"घरातलं यंत्र," वहिनी म्हणाल्या.

प्रकाशक चाळिशीचे, सतत घाईत. "सूचना द्यायला वेळ कुणाला आहे? संपादक होते आमचे, वडिलांच्या वेळचे. लेखकाला समोर बसवून महिना महिना शिकवायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. घरी बसले. त्यानंतर ते पद मी भरलंच नाही."

वहिनींनी ते सातव्या प्रकरणाचं जुनं पान पुढे केलं. "एवढं मोठ्याने वाचता?"

प्रकाशकांनी वाचलं आणि मध्येच थांबले. "इथे काहीतरी आकृती आहे."

पुढची पाळी मुद्रितशोधक बाईंची. छपाईतल्या चुका टिपण्यात त्यांची हयात गेलेली. त्या ओळीखाली पट्टी धरून वाचत आल्या आणि आकृतीवर पट्टी ठेवून म्हणाल्या, "छापायला याचा ठसा वेगळा करावा लागेल. आणि सूचना मी कशाला लिहू? मला मजकुरात नाक खुपसायची परवानगी नाही." शेवटचं वाक्य त्यांनी जरा दुखऱ्या सुरात म्हटलं. इथेच भाऊजींचा संशय पक्का झाला.

शेवटी आवक-जावक सांभाळणारे टपालकाका. साठीच्या आसपासचा शांत, नीटनेटका माणूस. ते सरळ बसले आणि खणखणीत आवाजात वाचू लागले. "तिने खडू उचलला, सदरा पसरला आणि असा कापला. मग ती खुर्चीत बसून रडली." पान खाली ठेवून म्हणाले, "पुढचं देता?"

"छान वाचता," वहिनी म्हणाल्या.

"सवय आहे. लिहिलंय तेवढंच वाचायचं, पदरचं घालायचं नाही, हा आमच्या जुन्या साहेबांचा दंडक."

वहिनींनी जावक नोंदवही चाळली. पहिलं पार्सल त्याच महिन्याच्या दोन तारखेला बाहेर पडल्याची नोंद होती.

जिना उतरताना भाऊजींना राहवेना. "मुद्रितशोधक बाईच ना? इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेलं..."

"भाऊजी, तुमची भूमिती चांगली होती म्हणतात. मग आकृतीकडे बघा की जरा."

शनिवारी वहिनींनी सगळ्यांना जमवलं ते एका तिसऱ्याच घरी. प्रकाशक करार घेऊन आले, शिवणबाई तिसरं हस्तलिखित घेऊन, आणि टपालकाका मान खाली घालून. खिडकीशी आरामखुर्चीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पावलांच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली, पण नजर कुणावरच ठरली नाही.

"हे जुने संपादक," वहिनी म्हणाल्या. "बाई, तुमच्या सूचना यांच्या."

"पण साहेबांना तर दिसत नाही," प्रकाशक म्हणाले.

"तीच तर खूण. हस्तलिखित पाहणारा कुणीही आकृती पाहील. तुम्ही पाहिलीत, मुद्रितशोधक बाईंनी पाहिली. आणि सूचना विचारते की वाक्य अर्धं का सोडलं. म्हणजे विचारणाऱ्याला आकृती आहे हेच माहीत नव्हतं. त्याने पान पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. 'जीव कानात गोळा झाला' हे त्याने अक्षरशः खरं लिहिलं होतं."

"मग टंकलं कुणी?" भाऊजींनी विचारलं.

"जो आकृती ओलांडून सरळ पुढचं वाक्य वाचतो, त्याने. नोंदवहीत पार्सल दोनला गेलं, पोस्टात पडलं दहाला. मधले आठ दिवस ते या खोलीत होतं. काका रोज संध्याकाळी वाचत होते, साहेब सांगत होते, काका टिपून घेत होते आणि दुसऱ्या दिवशी यंत्रावर उतरवत होते."

टपालकाका उठून उभे राहिले. "चूक माझी आहे. हस्तलिखित परवानगीशिवाय बाहेर नेलं. पण साहेब घरी नुसते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मला बघवलं नाही. आणि बाईंचं लिखाण परत पाठवताना हात जड झाला."

"आकृती होती?" जुन्या संपादकांनी विचारलं. "मला सांगितलं नाहीस."

"आधी दंडक म्हणून नाही सांगितलं, साहेब. मग तुम्ही तो प्रश्न सांगितलात, तेव्हा जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही प्रश्न मागे घेतला असता. आणि प्रश्न चांगला होता."

म्हातारा खुदकन हसला. "खरंय. डोळे असते तर आकृती सुबक आहे म्हणून मी पुढे गेलो असतो." मग हसू मावळलं. "बाई, नाव मुद्दामच घातलं नाही. ज्याला पान दिसत नाही त्याचं कोण ऐकणार, असं वाटलं."

शिवणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या वहिनींकडे वळल्या. "मग पुस्तक कुणाचं?"

"दोन्ही वेळच्या सूचना मी दोनदा वाचल्या. पंधरा पानांत तयार वाक्य एकही नाही. सगळे प्रश्नच. पहिली कात्री कुठे लावली, ते यांना माहीत नव्हतं. ते तुम्हालाच माहीत होतं."

"कुठे लावली?" जुन्या संपादकांनी हळूच विचारलं.

शिवणबाईंनी सातवं प्रकरण काढलं आणि वाचायला लागल्या. कॉलर तिने आधी उसवली, कारण तिथे अजून नवऱ्याच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. ती बाजूला ठेवली. मग खिशाच्या खालून कात्री लावली, म्हणजे खिसा अख्खा राहील आणि मुलीच्या छातीशी येईल. "'मग ती खुर्चीत बसून रडली,'" त्यांनी संपवलं.

"एक विचारू?" संपादक म्हणाले. "खिसा मुलीच्या छातीशी आल्यावर, ती रडली हे सांगायची गरज आहे?"

शिवणबाईंनी आधीची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी पेन मागितलं, ते वाक्य खोडलं आणि त्याच पेनाने करारावर सही केली.

प्रकाशकांनी करार घडी करून ठेवला आणि घसा साफ केला. "काका, नोंदवहीत यापुढे खऱ्या तारखा टाका. आठ दिवस साहेबांकडे, असं स्वच्छ लिहा."

"दुसरं काही लिहायला घेतलंय का?" जुन्या संपादकांनी विचारलं.

"घेतलंय," शिवणबाई म्हणाल्या. "पण ते टपालाने नाही यायचं. दर बुधवारी माझं दुकान बंद असतं. मीच येऊन वाचेन."

म्हाताऱ्याने खुर्चीच्या हातावर दोनदा बोटं आपटली आणि बुधवार किती दिवसांवर आहे, असं टपालकाकांना विचारलं.