मुकादमाचं नाक

"कुणासाठी हवंय?" औषधाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"घरच्यासाठी."

"काय होतंय?"

"नाक कोरडं पडलंय. खपल्या धरल्यात. हात लावला तर वाळल्या सालीसारखं लागतं."

"वय?"

"नऊ."

"शाळेत जातो ना? सर्दी वगैरे?"

"शाळेत नाही जात. घरीच असतो. अनोळखी माणसावर भुंकतो."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, हातातल्या लहान मुलांच्या मलमाकडे बघितलं, आणि हसल्या. "कुत्रा होय! मग आधी नाही का सांगायचं?"

खरं तर मी पाऊस चुकवायला त्या दुकानात शिरलो होतो. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून नाकाचं विचारलं. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या नाकांची मापं घ्यायची, हा माझा धंदा. त्यामुळे बाईंचा चष्मा डाव्या बाजूला उतरतोय, हे मला आल्या आल्या दिसलं होतं. पण बोललो नाही.

"मलम देत नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "माणसांचं मलम तो चाटून पोटात घालेल. कोमट पाण्यात सुती फडकं भिजवा, पिळा, नाकावर धरा. खपली आपोआप सुटेल तेवढीच काढायची, ओरबाडायची नाही. मग खोबरेल तेलाचं एक बोट फिरवा, पातळ. कापूर नको, वासाचं तेल नको. जेवतो कशात?"

"प्लास्टिकच्या भांड्यात."

"ते बदला. स्टीलचं घ्या. आणि रक्त दिसलं तर घरचे उद्योग बंद. सरळ जनावरांचा डॉक्टर."

"हे सगळं बायको बघायची," मी म्हणालो. "ती गेली."

"हं," त्या म्हणाल्या, आणि एका पाकिटावर दुकानाचा नंबर लिहून दिला. "अडलं तर फोन करा."

अडलं दुसऱ्याच दिवशी.

"तेल लावलं की चाटतो. दोन सेकंदांत साफ."

"लावल्यावर पाच मिनिटं त्याला बोलण्यात गुंतवायचं."

"मला काय बोलावं ते सुचत नाही."

"कुत्र्याशी?"

"कुणाशीही."

मग त्या म्हणाल्या, "स्पीकरवर टाका. मी बोलते. नाव काय त्याचं?"

"मुकादम. कोण आलं, कोण गेलं बघत दिवसभर दारात बसतो, म्हणून."

"नमस्कार, मुकादम," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता हा कार्यक्रम सुरू झाला. मी तेल लावायचो, फोन स्टुलावर ठेवायचो, आणि बाई मुकादमाला दिवसभराच्या गोष्टी सांगायच्या. कुणी आजोबा खोकल्याचं औषध चव बघून घेणार म्हणून अडून बसले. कुणी डॉक्टरांची चिठ्ठी म्हणून वाण्याची यादीच पुढे केली.

"तुमचे मालक कसे आहेत हो, मुकादम?"

"बरे आहेत," मी म्हणायचो.

"मी मुकादमांना विचारलं."

"ते तेल लावून बसलेत. त्यांना आत्ता बोलता येत नाही."

"मग मालकांना सांगा, मधून मधून हसत जा म्हणावं. फोनवर कळतं."

तिसऱ्या आठवड्यात मी बारीक पक्कड घेऊन त्यांच्या दुकानात गेलो आणि चष्मा सरळ करून दिला. परत चढवताना नाकावरचं बसणं बघावं लागतं. मी विचारलं, "हात लावू?"

"लावा." त्यांनी डोळे मिटून घेतले. गरज नसताना.

"सगळ्यांच्या नाकाला इतका हळू हात लावता?" त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाला इतका वेळ देत नाही मी," मी म्हणालो आणि मग घरापर्यंत माझे कान गरम होते.

मुकादमाचं नाक मऊ होत चाललं होतं. भेगा भरत होत्या. पण एका गोष्टीकडे माझं लक्ष उशिरा गेलं. फोन चालू असताना मुकादम फोनकडे बघत नसे. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघे. खाली नाही, वर. साधारण माझ्या खांद्याइतकं. तिथे एखाद्या बुटक्या माणसाचा चेहरा असावा तसं. त्याची जीभ नाकाकडे निघायची, अर्ध्यावर थांबायची, आणि आपोआप आत जायची. मला वाटलं, सवय लागली.

एका संध्याकाळी बाई बोलता बोलता मध्येच थांबल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. ठेवते मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी दुकानात गेलो.

"काय हवंय?" नवीन माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"माझं काही चुकलं का?"

"तुमचं कशाला चुकेल? चुकलं माझं. घरी बायको असताना मी रोज फोनवर…" त्या गोळ्यांच्या पट्ट्या उगाच लावत बसल्या. "त्या परत आल्या हे तुम्ही सांगायला हवं होतं."

"कोण परत आलं?"

"आता पुरे हं. गेली म्हणालात ना तुम्ही? मला वाटलं सोडून गेल्या, किंवा माहेरी गेल्या. मी विचारलं नाही. पण त्या दिवशी मागून बोलत होत्या की. आधीही एक-दोनदा ऐकलं, वाटलं शेजारचं कुणी असेल."

"काय बोलत होती?"

"जीभ आत, मुकादम. आत म्हणते ना."

माझी बायको मुकादमाला असंच म्हणायची. तेल लावायची, बोट पुसायची आणि दटावायची. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"बाई, गेली म्हणजे… वारली ती. अकरा महिने झाले."

त्यांच्या हातातली पट्टी खाली पडली. ती कुणी उचलली नाही. दुकानात पंखा फिरत होता, बाहेर लोक येत-जात होते.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो. "मी तिथेच बसलेला असतो, आणि मला काही ऐकू येत नाही. तुम्ही… फोन घेत राहाल का?"

त्या घाबरल्या होत्या. तरी हो म्हणाल्या. तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघायला हवं होतं.

मग फोन चालू झाले, पण आजोबा आणि वाण्याच्या याद्या संपल्या. मी सारखा विचारायचो, "आली का? काय म्हणाली?" बाई कुजबुजत सांगायच्या. पहिल्या दिवशी आवाज लांबून आला, स्वयंपाकघरातून यावा तसा. दोन दिवसांनी दारातून. मग स्टुलाजवळून.

"आता अगदी फोनला तोंड लावून बोलतात," बाई म्हणाल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "तुमच्या बाजूला कुणी नाही? नक्की?"

"नाही. माझ्याबद्दल काही म्हणते का?"

"नाही हो. फक्त कुत्र्याशी बोलतात."

"जिवंत होती तेव्हाही तसंच होतं," मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत.

थोड्या दिवसांनी त्यांनी विचारलं, "मुकादमाचं नाक बरं झालं असेल ना आता?"

झालं होतं. काळंभोर, ओलसर. पण तेल नसेल तर दटावायला कोण कशाला येईल? फोन तरी कशाला होतील? मी म्हणालो, "नाही, अजून खरखरीत आहे."

हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. खोटं खरं करायला मी तेल लावणं बंद केलं. माळ्यावरचं प्लास्टिकचं भांडं पुन्हा काढलं. आठ-दहा दिवसांत खपल्या आल्या. मग रोज सातला तेवढं तेलाचं बोट फिरवायचो, फोनपुरतं, आणि नंतर कोरड्या पंच्याने पुसून टाकायचो. मुकादम माझ्यापासून लांब बसायला लागला. मी ते बघितलं आणि तरी पुसत राहिलो.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी तीनला दारावर थाप पडली. बाई होत्या; नाक अजून का बरं होत नाही ते बघायला पत्ता विचारत आल्या होत्या. आत आल्या, चपला काढल्या, आणि खाली बसून त्यांनी मुकादमाचं तोंड हातात घेतलं. नाकाला मधोमध चीर पडली होती. त्यांच्या बोटाला रक्त लागलं.

त्यांनी कोपऱ्यातलं भांडं बघितलं. खुंटीवरचा पंचा बघितला. मग माझ्याकडे.

"तुम्ही केलंत हे?"

"हो."

"तिचा आवाज यावा म्हणून?"

"हो."

"आणि मी काय, रेडिओ?" त्यांचा आवाज फाटला. "मला वाटलं… जाऊ द्या. मला काय वाटलं ते मला. चला उठा, डॉक्टरकडे."

जनावरांच्या डॉक्टरांनी नाक साफ केलं, जखमेवर लावायला औषध दिलं, चाटू देऊ नका म्हणाले. परतताना मुकादम बाईंच्या बाजूने चालला, माझ्या नाही. घरी आल्यावर त्याच खाली बसल्या आणि औषध लावायला लागल्या. खोलीत भरपूर ऊन होतं. मी दाराशी उभा होतो, गुन्हेगारासारखा.

मुकादमाने मान वर केली. या वेळी स्वयंपाकघराकडे नाही. बाईंच्या खांद्याच्या मागे, अगदी जवळ.

बाईंचा हात थांबला. उन्हातही त्यांच्या दंडावर काटा आलेला मला दिसला. त्यांनी वळून बघितलं नाही. कान देऊन ऐकत राहिल्या, एखादं लांबलचक सांगणं ऐकावं तसं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "हो ताई. लक्षात ठेवीन."

मला सवयीने तोंडावर आलं, काय म्हणाली? जीभ चावून गप्प बसलो.

"विचारत नाही तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"का?"

"ती तुमच्याशी बोलली. माझ्याशी बोलायचं असतं तर एवढे दिवस होते की." मी त्यांच्याकडे बघितलं. "आणि मला आता तिच्यासाठी तुमचा फोन नको. तुमच्यासाठी हवाय. वाण्याच्या याद्या ऐकायच्यात मला. त्या बंद झाल्या आणि मी विचारलंसुद्धा नाही, त्याची लाज वाटते. मुकादमाचं नाक बरं झालं तरी… तुम्ही याल का इथे? राहायला म्हणतोय मी."

"असं उभ्या उभ्या विचारतात का?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. मुकादमाने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डोकं माझ्या गुडघ्यावर टाकलं. घरात कुठेच काही हललं नाही.

"आता विचारा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा विचारलं.

त्यांनी औषधाचं झाकण लावलं, बोट पदराला पुसलं, चष्मा वर सरकवला. मग "हो" म्हणाल्या, इतकं हळू, की दुसऱ्या कुणाला ते ऐकूही आलं नसतं. मला आलं.