डोळ्यांनी बघायचा चेंडू

शिरूर-दौंड एसटीने वळण घेतलं आणि मागच्या सीटखालून एक पांढरा चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला. चेंडू दिसला की माझी बोटं आपोआप शिवणीवर जातात. मी तो उचलून या हातातून त्या हातात गरकन फिरवला, तोच मागून एक हात पुढे आला.

"ओ मॅडम, द्या इकडं. खेळणं न्हाई ते. आत सेन्सर हाय."

मॅडम म्हणे. मी निमोण्याची नीलम, शाळेपासून लेगस्पिन टाकते, आणि हा मला चेंडू हाताळायला शिकवणार? मी तो त्याच्या हातात आदळला आणि दौंड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. तो मात्र... काचेत दिसत होता. माझ्याकडेच बघत होता. डोळे छान होते, पण तेव्हा मी ते कबूल केलं नसतं.

दौंडच्या मैदानावर मुलींच्या जिल्हा संघाची निवड होती. पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसणार नव्हते; हुकलं की कायमचं हुकलं. आणि बघते तर निवड करणाऱ्या हनुमंत सरांशेजारी तोच बसलेला. नाव विनोद, राहणार कारेगाव, कामाला असले चेंडू बनवणाऱ्या कंपनीत. चेंडू किती वेगाने गेला, किती फिरला, सगळं त्याच्या मोबाईलवर उमटणार आणि सर त्यावरच निवड करणार. चेंडूला ना वायर ना पिन. बशीएवढ्या चकतीवर नुसता ठेवला की चार्ज होतो. माणसांनी मग डोळे कशाला ठेवलेत, असं माझ्या मनात आलं.

मी जीव तोडून ओव्हर टाकली. एक चेंडू तर बॅटिंग करणाऱ्या मुलीच्या पायामागून वळून स्टंपवर गेला. सरांनी आकडा विचारला. विनोद गडबडला, मोबाईल चाचपला आणि त्यावरचा एक आकडा पुटपुटला. फिरकी फार कमी आहे, सर म्हणाले, पुढची मुलगी येऊ द्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडलेला स्टंप अजून तिथेच होता. मी सरळ विनोदसमोर जाऊन उभी राहिले.

"चेंडू फिरला का न्हाई? तुमी सोताच्या डोळ्यानं बघितला ना?"

तो उठला, पण माझ्याकडे नाही, सरांकडे वळला.

"सर, चूक माझी हाय. ह्यांच्या ओव्हरला मी सुरूचं बटण दाबलंच न्हाई. तो आकडा आधीच्या मुलीचा व्हता."

का नाही दाबलं, सरांनी विचारलं. विनोदचे कान लाल झाले.

"मी... ह्यांच्याकडंच बघत व्हतो, सर. एसटीपासनं."

मैदानात खसखस पिकली. लाजावं की याच्या कानाखाली वाजवावी, मला कळेना. याच्या बघण्यापायी माझं अख्खं क्रिकेट गेलं असतं. आणि तरी, नोकरीवर बेतेल हे ठाऊक असून तो सगळ्यांसमोर खरं बोलला, हेही दिसत होतं. त्यामुळे मला धड रागावताही येईना, आणि त्याचाच जास्त राग आला.

सरांनी पुन्हा टाकायला सांगितलं, तर चेंडूचं चार्जिंग संपलेलं. चकतीवर ठेवावा, तर मैदानातली लाईट गेलेली.

"साधा चेंडू द्या, सर," मी म्हणाले. "आन् तुमी फकस्त बघा."

सरांनी कमरेवर हात ठेवून अख्खी ओव्हर बघितली. शेवटचा चेंडू कीपरलाही चकवून गेला, तेव्हा ते म्हणाले, सोमवारपासून सरावाला ये.

परतीच्या एसटीत माझ्या शेजारची सीट रिकामी होती, तरी विनोद दांडा धरून उभाच.

"राग गेला का?"

"न्हाई."

"मग... कवा जाईल?"

मी सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतली.

"निमोण्याला ये, आमच्या मैदानावर. तुजा तो चेंडू घरीच ऱ्हाऊ दे चार्जिंगला. डोळे तेवढे घेऊन ये."